सुट्टीची सहल, पण सुट्टी कोणाची?

नव्या वर्षाचे कालनिर्णय भिंतीवर लागले, की घरातील प्रत्येकाचे बोट आधी लाल तारखांवरून फिरते. कोणती सुट्टी रविवारी येऊन ‘फुकट’ गेली, कोणती शुक्रवारी किंवा सोमवारी येऊन सलग तीन दिवस देणार, याचा हिशेब चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच सुरू होतो. प्रत्यक्ष सुट्टी उजाडते तेव्हा मात्र चित्र बहुधा वेगळे असते. सकाळी नऊ वाजता कोणीतरी म्हणते, ‘चला, आज कुठेतरी जाऊ या!’ कुठे, यावर दहापर्यंत चर्चा चालते. अकराला घर सुटते, भर उन्हात तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागते, धाकट्याला भूक लागते, आजीचे गुडघे बोलू लागतात. संध्याकाळी साऱ्या मुंबईबरोबर परतीची गाडी पकडून घरी पोहोचावे, तो रात्रीच्या जेवणाचा प्रश्न उभा असतो आणि सकाळच्या डब्यांची भांडी मोरीत वाट पाहत असतात. सहल झाली खरी. पण सुट्टी नेमकी कोणाची झाली, हा प्रश्न उरतोच.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत राहणाऱ्यांसाठी खरे तर एका दिवसाची सहल अवघड नाही. जंगल, लेणी, तळी, खाडी, समुद्र हे सारे तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. अडचण असते ती आखणीची. थोडा विचार आदल्या आठवड्यात केला, तर हाच दिवस घरातल्या सर्वांना सुखाचा जाऊ शकतो.

हक्काचे चार दिवस

सार्वजनिक सुट्टी म्हटली तरी ती सर्वांना सारखी मिळत नाही. राज्य शासन दरवर्षी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या २५ व्या कलमाखाली सुट्ट्यांची यादी जाहीर करते. शासकीय कार्यालये आणि बँका यांचे वर्ष या यादीवर चालते. खासगी कंपन्या, दुकाने, कारखाने यांना ही सगळी यादी लागू नसते. त्यामुळे वडील बँकेत, आई खासगी कार्यालयात आणि मुले शाळेत, अशा घरात तिघांच्या सुट्ट्यांचे तीन वेगवेगळे तक्ते असतात. एखाद्या सणाला वडील घरी, मुले घरी आणि आई मात्र नेहमीच्या ८.१२ च्या लोकलला, हे दृश्य उपनगरांत नवे नाही.

यातून मार्ग दाखवणाऱ्या चार तारखा आहेत. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या अधिनियमात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. त्यांतील चार कायद्यातच नमूद आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायच्या असतात. या दिवशी कामावर बोलावले, तर दुप्पट वेतन आणि बदली रजा देण्याची तरतूद आहे. बसचालक, परिचारिका, सुरक्षारक्षक, लोकलचे मोटरमन यांना त्या दिवशीही कामावर जावे लागते. ही मंडळी सोडली, तर घरातील सर्वांना एकाच वेळी सुट्टी मिळण्याची सर्वाधिक शक्यता या चार दिवशी असते. म्हणून सहलीचा विचार करताना याच तारखा आधी गाठाव्यात.

मात्र त्यांतही एक मेख आहे. प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी मुलांना सकाळी झेंडावंदनासाठी शाळेत जायचे असते. कवायत, भाषणे आणि खाऊ आटोपून मूल घरी यायला नऊ-साडेनऊ होतात. तेव्हा या दोन सुट्ट्या पूर्ण दिवसाच्या नाहीत, पाऊण दिवसाच्या आहेत, हे आधीच धरून चालावे. पाऊण दिवसात जेवढे होईल तेवढेच ठरवावे.

आधी माणसे, मग ठिकाण

बहुतेक घरांत आधी ठिकाण ठरते आणि मग माणसांना त्यात बसवले जाते. हा क्रम उलटा करून पाहावा. घरात सर्वांत हळू चालणारे कोण आहे? आजोबांना किती पायऱ्या चढवतात? धाकटी मुलगी दुपारी झोपते का? कोणाला मधुमेहामुळे ठरल्या वेळी खावे लागते का? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडली, की निम्मी ठिकाणे आपोआप गळतात आणि उरलेल्यांत भांडण राहत नाही. ज्याची शक्ती सर्वांत कमी, त्याच्या चालीने दिवस आखला, तर इतरांचे फारसे काही बिघडत नाही. याच्या उलट केले, तर एकाचा दिवस बाकावर सामान राखण्यात जातो.

आणखी एक प्रश्न सहसा मोठ्याने विचारला जात नाही, तो स्वच्छतागृहांचा. ‘वाटेत पंचाईत नको’ म्हणून घरातील स्त्रिया आणि वृद्ध सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी डोके धरून बसतात. मुंबईच्या दमट हवेत हे धोक्याचे आहे. निघताना, मेट्रो स्थानकात, उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी आणि परतताना असे थांबे आधीच ठरवून सर्वांना सांगावेत. ही लाजण्याची बाब नाही, आखणीचाच भाग आहे.

यानंतर ठिकाणाची चौकशी करावी. आपल्या लहानपणीच्या आठवणींवर विसंबून मुलांना शब्द देऊ नये. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि एका पिढीच्या सुट्ट्या त्याने व्यापल्या. ते २०२२ पासून बंद आहे. राष्ट्रीय उद्यानातील ‘वनराणी’ ही छोटी रेल्वे बोरिवलीकरांच्या जिव्हाळ्याची. पण मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात तिच्या मार्गाची हानी झाली आणि पुढे कित्येक वर्षे ती धावू शकली नाही. ‘आगगाडीत बसू’ असे सांगून नेलेल्या मुलाची बंद फाटकाशी समजूत घालणे किती कठीण, हे अनेक पालकांनी अनुभवले आहे. जे आज खात्रीने चालू आहे त्याचेच वचन द्यावे.

साप्ताहिक सुट्टीचेही तसेच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातील कान्हेरी लेणी सोमवारी बंद असतात. २०२६ चा प्रजासत्ताक दिन सोमवारीच आला होता. सार्वजनिक सुट्टी आणि साप्ताहिक सुट्टी अशी एकत्र आली, की फाटक उघडे राहणार की नाही, याचा निर्णय व्यवस्थापन घेते. आदल्या दिवशी एक दूरध्वनी केला, तर पाच जणांची फेरी वाचते.

चार सुट्ट्या, चार ऋतू

गमतीचा भाग असा, की या चार हक्काच्या सुट्ट्या चार वेगवेगळ्या हवामानांत येतात. त्यामुळे एकच ठिकाण सगळ्या सुट्ट्यांना सारखे चालत नाही.

*२६ जानेवारी.* चालण्यासाठी, चढण्यासाठी आणि उघड्यावर जेवण्यासाठी मुंबईत याहून चांगले दिवस नाहीत. कान्हेरी लेणी याच दिवसांत पाहावीत. काळ्या कातळात खोदलेली शंभरावर लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले आणि हजारेक वर्षे नांदते राहिलेले हे बौद्ध केंद्र आपल्या इतके जवळ आहे, याचा आपल्याला विसर पडतो. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत. हे लेणे सुरुवातीलाच असल्याने वृद्धांनाही पाहता येते. तरुण मंडळींनी पुढे चढून कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आणि पन्हळी पाहाव्यात. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवण्याची ती योजना होती. मुलांना ती पाहून जेवढे कळेल, तेवढे पाठ्यपुस्तकातील धड्याने कळणार नाही.

मुलुंडकरांना याच दिवसांत दुसरा पर्याय आहे. ऐरोली पूल ओलांडला, की पलीकडे सागरी व किनारी जैवविविधता केंद्र आहे. ठाणे खाडीत साधारण नोव्हेंबर ते मे या काळात रोहित पक्षी उतरतात. खाडीच्या या भागाला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्रांच्या यादीत तिचा समावेश झाला. येथील बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. तेव्हा आपल्या सोयीची वेळ धरून निघण्याऐवजी आधी नोंदणी करून त्यांची वेळ विचारावी आणि घरचे वेळापत्रक तिच्याभोवती बसवावे.

*१ मे.* महाराष्ट्र दिनाला निम्मी मुंबई गावी गेलेली असते आणि उरलेली घाम पुसत असते. येथे पारा विदर्भाइतका चढत नाही. पण हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. वृद्ध आणि लहान मुले यांना याचा त्रास लवकर होतो. लेण्यांचा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो. म्हणून या सुट्टीला दिवसाचे दोन तुकडे करावेत : पहाटे निघून अकराच्या आत सावलीत परतावे किंवा दुपार घरात काढून चारनंतर बाहेर पडावे. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी यासाठी उत्तम. येथे एकोणीस लेणी आहेत. नवव्या लेण्यात स्तूपाभोवती गोल झोपडीसारखी भिंत आणि तिला जाळीच्या खिडक्या कोरल्या आहेत. तासाभरात पाहून होते आणि अंधेरीकर न्याहारीला घरी येऊ शकतात. बोरिवलीच्या बाजूला मंडपेश्वरची शैव लेणी आहेत आणि त्यांच्याच माथ्यावर पोर्तुगीजकालीन बांधकामाचे अवशेष. एकाच टेकडीवर इतिहासाचे दोन थर मुलांना बोटाने दाखवता येतात.

समुद्रावर जायचे असेल तर संध्याकाळी जावे आणि पाण्यात किती उतरायचे, हे वाळूवर पाय ठेवण्यापूर्वी ठरवावे. मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर आजवर अनेकांनी प्राण गमावले आहेत. जीवरक्षक शिट्टी वाजवत असताना ‘गुडघाभर पाण्यात काय होते’ असे म्हणणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच. त्याची जबाबदारी आदल्या दिवशीच कोणावर तरी सोपवावी.

*१५ ऑगस्ट.* या सुट्टीला धबधब्याची ओढ सर्वांत मोठी आणि धोकाही सर्वांत मोठा. ३० जून २०२४ या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. ते कोणी साहस करायला आलेले नव्हते. आपल्यासारखेच एक घर सुट्टीला बाहेर पडले होते, प्रवाहाच्या मध्ये उभे होते, आणि पाहता पाहता पाणी वाढले.

हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. डोंगरातील ओढ्याचे पाणी आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाने वाढत नाही, ते वर दोन-तीन किलोमीटरवर पडलेल्या पावसाने वाढते. आपण उभे आहोत तेथे ऊनही असू शकते. सह्याद्रीचा कातळ पाणी फारसे मुरवत नाही आणि उतार तीव्र असतो. त्यामुळे वर सर कोसळली की थोड्याच वेळात ती खाली पोहोचते. पाणी गढूळ होणे, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागणे, आवाज वाढणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सामान तेथेच टाकून काठावर यावे. हाच नियम राष्ट्रीय उद्यानातील ओढ्यांनाही लागू आहे. शासनाने एखाद्या ठिकाणी बंदी घातली असेल, तर ‘कोण बघतंय’ म्हणून आडवाटेने शिरू नये.

मग पावसात जायचे कुठे? घाटकोपर-अंधेरीकरांना आता भुयारी मेट्रोची सोय आहे. आरे ते कफ परेड ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झाली. पहिल्या मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून ही गाडी धरली, की थेट सायन्स सेंटर स्थानक. तेथे १९८५ साली उघडलेले नेहरू विज्ञान केंद्र आहे. ते लहान मुलांना चार तास सहज पुरते. दुसरा पर्याय आपल्या मराठी घरांचा जुनाच : नाटक. मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर या नाट्यगृहांत सुट्टीच्या दिवशी प्रयोग लावण्याची प्रथाच आहे. वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती आदल्या रविवारी पाहून तिकिटे काढून ठेवावीत. आजी, आई आणि मुले यांना एकत्र बसवणारा आणि पायाला त्रास न देणारा पावसाळी बेत याहून चांगला सापडणे कठीण. मध्यंतरातला बटाटेवडा हा त्यावरचा लाभ.

*२ ऑक्टोबर.* पाऊस सरत आलेला, जंगल अजून हिरवे आणि ऑक्टोबरची उष्मा नुकतीच डोके वर काढू लागलेली. या दिवसापासून देशभर वन्यजीव सप्ताह साजरा होतो. या आठवड्यात राष्ट्रीय उद्यानात मुलांसाठी काही कार्यक्रम आहेत का, याची चौकशी आवर्जून करावी. गोरेगावला चित्रनगरीलगत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सुमारे ३३ एकरांवर पसरलेले संवर्धन शिक्षण केंद्र आहे. पूर्वनोंदणी करून जाणकारांबरोबर तेथे फिरता येते, आणि फुलपाखरे पाहायला हेच दिवस चांगले.

याच सुमारास उद्यानाच्या उतारांवर कारवीची झुडपे भेटतात. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच सामूहिकरीत्या फुलते. २०१६ मध्ये ती फुलली, नंतर २०२४ मध्ये. या हिशेबाने पुढची खेप २०३२ ची. आज दुसरीत असलेली मुलगी तेव्हा माध्यमिक शाळेत असेल. काही सहली इतक्या आधीपासून ठरवून ठेवाव्यात, कारण घरातील सगळेच जण पुढच्या खेपेला बरोबर असतील, असे कोणी सांगू शकत नाही.

एक नमुना दिवस

हे सारे प्रत्यक्षात कसे उतरवायचे, ते पाहण्यासाठी घाटकोपरचे एक पाच माणसांचे घर डोळ्यांपुढे आणू. आजी, आई-वडील, आठवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. दिवस २६ जानेवारीचा, वार मंगळवार, बेत राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरीचा.

पूर्वी घाटकोपरहून बोरिवली म्हणजे दादरला उतरायचे, पुलावरच्या गर्दीतून पश्चिम रेल्वेवर जायचे आणि तेथून पुन्हा लोकल. आजीला घेऊन हे करणे जिवावर यायचे. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये गुंदवली ते दहिसर ही मार्गिका पूर्ण झाली. आता घाटकोपरला बसून पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकावर उतरायचे, पादचारी पुलाने गुंदवलीला जायचे आणि दुसऱ्या मेट्रोने ‘राष्ट्रीय उद्यान’ या नावाच्याच स्थानकावर पोहोचायचे. दोन्ही ठिकाणी उद्वाहन आणि सरकते जिने आहेत. मुलुंडकरांनी घाटकोपरपर्यंत लोकल धरली, की पुढचा मार्ग हाच. मुलुंड आणि बोरिवली ही एकाच जंगलाच्या दोन कडांवर वसलेली गावे. पण पक्ष्याला जे अंतर काही मिनिटांचे, ते माणसाला असे वळसा घालून काटावे लागते.

झेंडावंदन आटोपून साडेनऊला घर सोडले, तर अकराच्या सुमारास उद्यानाच्या फाटकाशी पोहोचता येते. तेथून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. आतील प्रवासाची सोय कोणती, खासगी वाहन सोडतात का, हे आदल्या दिवशी विचारलेले असावे. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे वेगळे, हेही ध्यानात ठेवावे. बारापर्यंत लेण्यांशी पोहोचून सर्वांनी मिळून चैत्यगृह पाहावे. मग आजी आणि धाकटी सावलीत, सोबत घरातला एक मोठा माणूस. उरलेले दोघे तासभर वर. पुढच्या तासाला मोठ्यांनी पाळी बदलावी, म्हणजे आईलाही वरची लेणी पाहायला मिळतात. एवढी साधी गोष्ट. पण आई सोडून सगळ्यांनी डोंगर पाहिला, अशा सहली आपल्याकडे हजारोंनी झाल्या आहेत.

जेवण शक्यतो लेण्यांच्या आवारात उघडू नये. तेथील माकडे पिशवीचा आवाजही ओळखतात आणि घाबरलेले मूल पळताना पडते. खाली येऊन जेवावे, उष्टे-खरकटे पिशवीत बांधून परत न्यावे. टाकलेल्या अन्नावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हे जंगल त्याचे घर आहे, याचे भान ठेवावे. चारला निघून सव्वाचारला फाटकाबाहेर. सहाच्या आत घरी.

‘इतक्या लवकर?’ असे मुलगा नक्की विचारील. त्याचे उत्तर रेल्वे आणि मेट्रोच्या गर्दीत आहे. सुट्टीच्या दिवशी मध्य आणि पश्चिम रेल्वेवर बहुधा रविवारचे वेळापत्रक चालते, म्हणजे गाड्या नेहमीपेक्षा कमी. सुट्टी रविवारी आली, तर मेगाब्लॉकची शक्यताही पाहावी लागते. सकाळी लोक हळूहळू बाहेर पडतात. संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात मात्र सगळे एकदम परततात. त्या गर्दीच्या तासभर आधी निघणे, एवढ्या एका निर्णयाने दिवसाचा शेवट बदलतो.

डब्याचा प्रश्न

आता मूळ मुद्द्यावर येऊ. सहल म्हटली, की पुरी-भाजी, दहीभात, चटण्या, लाडू अशी यादी घरात उत्साहाने तयार होते. ती तयार करणारे पाच आणि रांधणारी बहुधा एकच. ती पहाटे साडेचारला उठते, सहलीत सर्वांना वाढते, आणि परतल्यावर पुन्हा ओट्याशी उभी राहते. कायद्याने तिला कार्यालयातून दिलेली सुट्टी घरातल्या लोकांनी परत काढून घेतली, असाच याचा अर्थ होतो.

यावर तोडगा अवघड नाही. पहिला : डब्याची यादी निम्मी करावी आणि टिकाऊ ठेवावी. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या, कोरडी चटणी, काकडी, केळी, लिंबाचे सरबत एवढे पाच जणांना पुरते. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि उसळी उन्हात आंबतात; त्या घरीच बऱ्या. दुसरा : पोळी-भाजी केंद्रे उपनगरांच्या गल्लोगल्ली आहेत. आदल्या दिवशी सांगितले तर सकाळी तयार पोळ्या मिळतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तिसरा : कामाची वाटणी आदल्या रात्री मोठ्याने वाचून दाखवावी. पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या मुलाकडे. तिकिटे, चौकशी आणि औषधे वडिलांकडे. काकड्या चिरणे आणि रुमाल-चमचे मोजणे धाकटीकडे. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा : परतल्यावरचे जेवण आणि भांडी यांची जबाबदारी आधीच ठरलेली असावी, आणि ती त्या दिवशी आईकडे नसावी. मुगाची खिचडी कोणालाही शिकता येते.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे

काही लहान गोष्टी राहून जातात. लहान मुलाच्या खिशात आई-वडिलांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मोबाइलच्या काळात मुलांना एकही क्रमांक पाठ नसतो. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ती जागा पोहोचताच सर्वांना दाखवावी. संकटात पोलिसांसाठी ११२, रेल्वेत मदतीसाठी १३९ आणि हरवलेल्या मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मोठ्या मुलांना सांगून ठेवावेत. आजी-आजोबांची औषधे त्यांच्याजवळ एक आणि दुसऱ्याजवळ एक, अशी दोन ठिकाणी असावीत. खर्चाचा अंदाज करताना प्रवास, तिकिटे आणि खाणे यांच्या जोडीला परतीच्या रिक्षाचे पैसे वेगळे काढावेत. थकलेल्या आजीला स्थानकापासून घरापर्यंत चालवून वाचवलेले पन्नास रुपये दुसऱ्या दिवशी महाग पडतात.

आणि एवढे करूनही ऐनवेळी पाऊस आला, कोणाला ताप भरला किंवा फाटक बंद मिळाले, तर चिडू नये. जवळच्या बागेत डबा उघडावा किंवा गच्चीवर सतरंजी पसरावी. पाच माणसे एकत्र असणे, हीच त्या दिवसाची मूळ कमाई आहे.

सहल कशी झाली, हे दुसऱ्या दिवशी मुलांना विचारण्याची आपली रीत आहे. मुले ‘मस्त!’ असेच म्हणतील. तेव्हा तोच प्रश्न आजीला आणि तिच्यानंतर मुलांच्या आईला विचारावा. त्या दोघींनी पुढच्या लाल तारखेची आपणहून चौकशी केली, तर बेत जमला असे समजावे.